जीपचं दावं

हुबळी, गोकुळ रोड
९ जानेवारी १९८३

सौ. राधावहिनीस,
बाबूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये गावात सर्कस आली. मी बघायला गेलो नव्हतो. सर्कशीच्या लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून ती आमच्या वर्कशॉपात आली, आणि लॉरीबरोबर उंटवालाही आला. बसलेला उंट उठवायचा कसा, ते त्यानं मला तासभर समजावलं. ते पुढं कधीतरी सांगेन.

तर गाडी. सायकलीला दोन कॅन लटकवून आठ मैलांवरचं अळनावर स्टेशन गाठायला तुमच्या यजमानांची, आमच्या अण्णाची, कंबर आता तयार नाही, आणि उन्हाळ्याआधी गाडी आली नाही तर दुधाचा धंदा बंद करावा लागेल, हे वाचलं. गाडीसाठी अप्पा बैलजोडी विकायला तयार झाले, हे तीनदा वाचलं. आणि गाडी निवडायचं काम माझ्याकडं! वहिनी, खरं सांगा, तुम्ही हे मला लिहिलंय, हे अप्पांना ठाऊक आहे ना?

इथंच टाइल्सवाल्यांच्या शेजारी पांडुरंग म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांची पिकअप विकायची आहे. पुढं दोघं बसतात, मागं उघडा हौदा. वय पाच वर्षं, डिझेलवर चालते. चौदा कॅन मावतील, मी खडूनं हौद्यात गोल काढून बघितले. रंग निळा, नवाकोरा. हा रंगच मला खटकला. आमचे मेस्त्री दत्तात्रेय म्हणतात, की बाजारच्या दिवशी सकाळी बैलाची शिंगं रंगवतात, तसलाच हा प्रकार. म्हणून मी हौद्यातलं डांबरी कापड उचलून बघितलं. खालचा पत्रा पापडासारखा झालाय. अंगठा टेकवला तर तुकडा हातात आला. पांडुरंगांनी विचारलं, की मी गाडी घ्यायला आलोय का उकरायला. पण इंजिन चांगलं आहे, आवाजात कुठं खोट नाही. पत्रा बदलता येतो. म्हणजे येतो असं मला वाटतं. पांडुरंग म्हणतात दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, लवकर बोल. असं ते सगळ्यांनाच म्हणतात.

आईला नमस्कार. लोभ आहे तेवढाच असू द्या, वाढवला की तुम्ही कामं सांगता.

आपला,
बाबू


हुणशीकोप
संक्रांत, १४ जानेवारी १९८३

चि. बाबूभावजींस,
राधाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटात तिळगूळ घातला आहे. पत्राला चिकटला असेल तर पत्र चाटा.

अप्पांना ठाऊक आहे, मीच सांगितलं. अर्धा तास ते अंगणात फेऱ्या मारून आले. मग म्हणाले, की सहा वर्षांपूर्वी त्याला हळियाळच्या बाजारात म्हैस आणायला धाडलं, तो हार्मोनियम घेऊन आला. आता गाडी आणायला धाडा, हत्ती घेऊन येईल. आई म्हणाल्या, की पेटी दूध देत नव्हती हे खरं, पण वैरणही मागत नव्हती. यावर अप्पा उठून गोठ्यात गेले. पेटी अजून माळ्यावर आहे. तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

भावजी, थट्टा पुरे. आठवीतून तुम्ही पळालात, गोवा झाला, बळ्ळारी झाली, कुठं कुठं झालं ते तुम्हालाही आठवत नसेल. मी अप्पांपुढं शब्द टाकला आहे, की गाडी बाबूभावजी बघतील आणि आली की घरी राहून तेच चालवतील. गाडी चुकली तर बैल गेले, दूध गेलं, आणि तुम्हाला या घरात परत बोलवायला माझ्याकडं दुसरं निमित्त उरणार नाही. हे नीट ध्यानात ठेवा आणि उंट सोडा.

अप्पांचा निरोप जसाच्या तसा लिहिते. आधी दात बघायचे. सकाळी थंडीत पहिल्या हाकेला उठते का बघायचं. मालकाकडं पाठ करून उभं राहून बघायचं, म्हणजे मालकाचं बोलणं मध्ये येत नाही. आणि चार दिवस आपल्या दारात बांधून, कामाला जुंपून मग हो म्हणायचं. मी म्हटलं गाडीला दात नसतात. ते म्हणाले, ज्याला घासून खायचं असतं त्याला कुठंतरी दात असतातच.

तब्येत सांभाळा. तुमच्यावरचा जीव तसाच आहे, भरवसा तेवढा तुम्ही मिळवायचा आहे.

तुमची,
राधावहिनी


हुबळी
२३ जानेवारी १९८३

सौ. वहिनीस,
बाबूचा नमस्कार. वि. वि.

मी वैतागलो आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या.

अप्पांचं बरोबर आहे. गाडीचे दात म्हणजे टायर. पिकअपचे मागचे दोन गुळगुळीत आहेत, पुढचे बरे. पहिल्या हाकेला उठते. पण चार दिवस दारात बांधून बघायचं म्हणताच पांडुरंग इतके हसले, की त्यांनी शेजारच्या टाइल्सवाल्यालाही बोलावून ते ऐकवलं. आता मी रस्त्यानं गेलो की टाइल्सवाला विचारतो, वैरण आणली का म्हणून.

दुसरी गाडी सापडली आहे. धारवाडला केलगेरीत मुकुंदराव म्हणून एक म्हातारे वकील आहेत. त्यांच्याकडं जीप आहे. वीस वर्षांची, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पेट्रोलवर चालते आणि पितेही भरपूर. वरती ताडपत्रीचं टप. मागची बाकं काढली तर आठ कॅन बसतील, चौदा काही झालं तरी नाही. पण माणसं सहा बसतात, पाऊस लागत नाही, आणि गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक छोटा दांडा आहे. तो ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात. खाली वाकून बघितलं तर पत्रा जाड, आणि गंजसुद्धा पुसून ठेवल्यासारखा. ऑइल कधी बदललं त्याच्या तारखा वहीत. मी माझ्या अंघोळीच्या तारखा इतक्या जपल्या नाहीत.

आता वैतागाचं सांगतो. मुकुंदरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गाडी चालवता येत नाही, म्हणून ती विकायची. पण विकायचं काही केल्या होत नाही! पहिल्या खेपेला त्यांनी दांडेलीच्या जंगलात जीपसमोर गवा उभा राहिला होता, ते सांगितलं. दुसऱ्या खेपेला मी कुणाचा, शाळा का सोडली, पेटी वाजवतो ती कुणाकडं शिकलो. तिसऱ्या खेपेला पुन्हा तोच गवा, या वेळी जरा मोठा. त्यांच्या कुसुमावतीबाई दर खेपेला अवलक्की, म्हणजे पोहे, करतात. तीन वेळा अवलक्की मिळाली, जीपचा शब्द एकदाही नाही. हुबळीहून केलगेरी म्हणजे दोन बसा आणि चालणं, आणि परत आलो की दत्तात्रेय मेस्त्री अर्ध्या दिवसाची गैरहजेरी मांडतात.

तुम्हीच सांगा, चौदा कॅनची तरणी पिकअप की आठ कॅनची म्हातारी जीप? मी दोन्ही बाजूंनी विचार केला की दोन्हीही बरोबर वाटतात, आणि मग मला गोव्याची बस दिसायला लागते.

राग नसावा, असलाच तर पत्रातून धाडावा.

आपला,
बाबू


हुणशीकोप
२९ जानेवारी १९८३

चि. बाबूभावजींस,
राधाचे आशीर्वाद. वि. वि.

गोव्याची बस दिसली तर डोळे मिटा.

तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं आणि चूक केली. तुमचे अण्णा म्हणतात पिकअपच, चौदा कॅन म्हणजे वरच्या दोन वाड्यांचंही दूध घेता येईल. आई म्हणतात जीप, कारण डोक्यावर छप्पर आहे आणि उघड्या हौद्यात दूध असं मिरवत नेलं की दृष्ट लागते. अप्पांनी फक्त एक विचारलं, की पिकअप मागच्या दोन चाकांनीच ओढते का. मी हो म्हटलं. त्यावर ते म्हणाले, बैल कधी मागच्या दोनच पायांनी चालताना बघितलाय का?

मला एवढंच कळतं, की वाड्यांच्या आणि आपल्या मध्ये ओढा आहे. गेल्या श्रावणात तीन दिवस दूध पलीकडंच राहिलं, आणि लोकांनी ते आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात ओतलं. चौदा कॅन की आठ, ते मागाहून. ओढ्यातून बाहेर कोण येईल ते सांगा.

आणि भावजी, परवा जोडी गेली. हळियाळचा माणूस चांगला आहे, तरी निघताना बैल वळून बघत होते. अप्पांनी रीतीप्रमाणे दोन्ही दावी सोडून घेतली. जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत, दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. ती दोन दावी खुंटीला लटकताहेत आणि अप्पा दोन दिवस धड जेवलेले नाहीत. त्यांचा निरोप आहे, की तुम्ही ज्यांची गाडी घ्याल त्यांचंही दावं त्यांच्याकडं राहू द्या, नाहीतर त्यांची हळहळ आपल्या दारात येईल. गाडीचं दावं कुठलं, ते मला विचारू नका.

रिकाम्या गोठ्याकडं बघवत नाही. लवकर करा.

तुमची,
राधावहिनी


हुबळी
७ फेब्रुवारी १९८३

सौ. वहिनीस,
बाबूचा नमस्कार. वि. वि.

झालं एकदाचं. पण जसं व्हायला हवं होतं तसं काही झालं नाही. नेहमीसारखंच.

तुमच्या ओढ्याची मला इतकी टोचणी लागली, की शनिवारी पांडुरंगांच्या हातापाया पडून पिकअप दोन तासांसाठी मागून घेतली आणि थेट केलगेरी गाठली. मनात दोन बेत होते. एक, तळ्याकाठच्या चिखलात पिकअप घालून बघायची. दुसरा, मुकुंदरावांना दाखवायचं, की बघा, मला दुसरी गाडी मिळते आहे, तुमचा गवा तुमच्यापाशी राहू द्या.

पहिला बेत पार पडला. पिकअप चिखलात गेली आणि तिथंच राहिली. मागची चाकं गुळगुळीत, ती फिरतात आणि खाली जातात, फिरतात आणि खाली जातात. हौद्यात वजन नाही म्हणून मी दगड भरले, तर पत्र्याला भोक पडून दोन दगड खाली. म्हशी धुणारी माणसं हसून हसून बसली. मला रडू यायचं राहिलं होतं.

शेवटी मुकुंदरावांकडं गेलो, आणि गडी मिळेल का विचारलं. ते उठले, जीपच्या बाजूच्या बाकावर बसले आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यांना पुढचं काही दिसत नाही, पण चाकाखाली माती कशी आहे ते बसल्या जागी कळतं. आता छोटा दांडा, आता हळू, आता थांबू नकोस, असं सांगत गेले. दोर बांधला, आणि त्या म्हातारीनं चारी पायांनी पिकअप अशी बाहेर काढली, जसा आपला चांद्या बैल रुतलेला गाडा काढायचा. वहिनी, मी पिकअपवाल्या बाजूनं चौदा कॅन मोजून ठेवले होते, ते त्या क्षणी विसरलो.

मुकुंदराव म्हणाले, की आजवर सहा गिऱ्हाइकं आली, सगळ्यांनी किंमत विचारली, चिखलात घालून कुणी बघितलं नाही. जीप तुझी. पांडुरंग काय म्हणाले ते आईसमोर वाचता येणार नाही, म्हणून लिहीत नाही. हौद्याचं भोक मी दोन रात्री जागून भरून दिलं आहे.

आणि अप्पांना सांगा, दावंही ठेवलं. मी मुकुंदरावांना रीत सांगितली, ते खूश झाले. बराच वेळ जीपला हात लावत फिरले आणि इंजिनाला पुढून घालून फिरवायचं लोखंडी हँडल उचललं. मी म्हटलं ठेवा खुशाल, गाडी बटणावर सुरू होते, हँडलचं काम काय!

रविवारी जीप घेऊन येतो. तीन दिवस राहीन, अण्णाला शिकवीन, मग इथलं काम पुरं करायला परत येईन. मेस्त्री म्हणतात महिना संपल्याशिवाय सोडणार नाही. महिना संपला की कायमचा घरी.

प्रेम राहू द्या, ओवाळणीचं तबक तयार ठेवा. जीपसाठी.

आपला,
बाबू


हुणशीकोप
२२ फेब्रुवारी १९८३

चि. बाबूभावजींस,
राधाचे आशीर्वाद.

नमनाला वेळ नाही. जीप सुरू होत नाही.

तुम्ही गेल्यावर तीन दिवस तुमच्या अण्णांनी पहिल्या आणि दुसऱ्या गिअरवर का होईना, दूध वेळेवर नेलं. चौथ्या दिवशी बटण दाबलं तर आतून नुसता खोकला. आज तिसरा दिवस. अळनावरचा मेकॅनिक येऊन सांगून गेला, की बॅटरी उतरली, हँडल मारा. हँडल सगळीकडं शोधलं. मग तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि कपाळाला हात लावला.

बॅटरी का उतरली तेही कळलं. जीप बैलांच्या गोठ्यात ठेवली आहे. तिन्हीसांजेला गोठ्यात दिवा हवा म्हणून आई रोज जीपचे दोन्ही दिवे लावायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि जेवणं उरकली की विझवायच्या. मी चुलीपाशी, मला पत्ता नाही. त्यांना बोलायची माझी छाती नाही. त्या म्हणतात दारात आलेल्या लक्ष्मीला अंधारात कसं ठेवायचं.

गोठा खोलगट, त्यामुळं ढकलून वर येत नाही. तुमचे अण्णा पुन्हा सायकलवर आहेत. काल परत आले ते भिंतीला धरून.

आता जे लिहायला नको तेही लिहिते. गावात म्हणताहेत, की बाबूनं हँडल विकलं.  अप्पांनी माळ्याकडं बघितलं एवढंच.

काहीतरी करा, भावजी.

राधावहिनी


हुबळी
२५ फेब्रुवारी १९८३

सौ. वहिनीस,
नमस्कार.

हँडल विकलं! लोखंडाच्या वाकड्या दांड्याचं या बाजारात मला काय मिळणार होतं, ते त्या बोलणाऱ्यांना विचारा. सहा वर्षं झाली, म्हशीच्या जागी पेटी आणली होती हे कबूल. तेव्हा सोळा वर्षांचा होतो. त्यानंतर मी या घराचं काय विकलं? एक तरी वस्तू सांगा. रीत अप्पांची, ती मी पाळली. दिवे आईनं लावले. आणि चोर कोण, तर बाबू.

पत्र मिळालं तसा केलगेरीला गेलो. मुकुंदरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दिलेलं दावं परत मागत नाहीत, हे तूच मला शिकवलंस. कुसुमावतीबाईंनी हँडल देवघरात ठेवलं आहे, त्याला रोज कुंकू लावतात. मी म्हटलं माझा भाऊ सायकलवर मरतो आहे. म्हातारा उठला. मग त्यानं हँडल देवघरातून काढलं, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि म्हणाला, माप घे. दुसरं बनव. दावं ज्याच्या त्यानं आपलं करायचं असतं. कागदावर कुंकवाची बोटं उठली आहेत.

मेस्त्रींनी भट्टी पेटवून दिली. मीच सळई तापवून वाकवतोय. पहिली उलटी वाकवली, फुकट गेली. दुसरी टोकाला चिरली. हात भाजला आहे, डावा, म्हणून काही नाही.

आणखी एक सांगतो, तुमच्यापासून लपवत नाही. काल संध्याकाळी मंगळूरची लॉरी वर्कशॉपात होती. ड्रायव्हर म्हणाला, क्लीनर पळालाय, येतोस का, समुद्र बघू. तुमचं पत्र खिशात होतं. मी पायरीवर एक पाय ठेवला होता. मग आठवलं, तिसरी सळई भट्टीत आहे, आणखी थोडा वेळ गेला तर तीही जळेल. म्हणून उतरलो.

मेस्त्रींशी भांडून रजा घेतली. रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं हँडल घेऊन येतो. ते अप्पांच्या पुढ्यात ठेवीन. नंतर घरात ठेवायचं की नाही, हे अप्पांनी सांगावं. हँडलचं नव्हे, माझं विचारतोय.

बाबू


हुणशीकोप
२६ फेब्रुवारी १९८३

चि. बाबूस,
अप्पाचा आशीर्वाद. मी सांगतो आहे, राधा लिहिते आहे. हे पत्र हुबळीच्या दुपारच्या बसच्या कंडक्टरबरोबर धाडतो, आजच्या आज वर्कशॉपात पोचेल.

तुझं पत्र आज सकाळी ऐकलं. दोनदा ऐकलं.

जीप सुरू झाली. काल तुझ्या भावाला सायकलवर चढताना बघवलं नाही, म्हणून खुंटीवरची दोन्ही दावी उतरवली, एकाला एक जोडली आणि जीपला बांधली. वाडीची नऊ माणसं एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. दावं माझ्या हातचं वळलेलं, तुटलं नाही. गोठ्यातून ओढून वर काढली, देवळाच्या उतारावर सोडली. खाली पोचेपर्यंत इंजिन लागलं. तुझा अण्णा गोपाळ घाबरून ते बंदच करत नव्हता. स्टेशनात दूध उतरवेपर्यंत चालू ठेवलं, असं सांगतो. आता जीप उतारावर ठेवली आहे. दिव्याचं तुझ्या आईला समजावलं आहे, ती आता बाहेर समई ठेवते.

हँडल घरी कोणी विकलं म्हणालं नाही. गावाचं तोंड गावाकडं. मी माळ्याकडं बघितलं हे खरं. राधानं ते लिहायला नको होतं.

बैल गेले, दावी राहिली. रिकामं दावं खुंटीला बरं दिसत नाही. ती जीपच्या सीटखाली ठेवली आहेत. तिथंच राहू देत, चालवणाऱ्याला लागतील.

काल माळ्यावरनं पेटी उतरवली. उंदरांनी भाता कुरतडला आहे, बाकी सूर लागतात असं आई म्हणते, मला त्यातलं कळत नाही. धारवाडला मध्ये उतर आणि दुपारची गाडी धर. सुभाष रोडला पेटीवाला आहे. भात्याचं कातडं घेऊन ये. माप कागदावर काढून सोबत जोडलं आहे.

हाताला लोणी लाव.

अप्पा